काळाभोर टायर म्हणजे नवा टायर नव्हे



दसरा जवळ आला की गावोगावच्या वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते. गाडी धुऊन पुसून झाली की शेवटी एक मुलगा हातात बाटली आणि स्पंज घेऊन चारही चाकांवरून फिरतो. दोन मिनिटांत मळकट, राखाडी टायर काळेभोर होऊन चमकायला लागतात. मग झेंडूची माळ, हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू. गाडी अगदी नवीकोरी दिसते! आणि 'पॉलिश मारलं की टायर जास्त टिकतो' असंही आपण सहज बोलून जातो.

हे कितपत खरं आहे, ते आज पाहू या. शाळेच्या ब्लॉगवर टायर पॉलिश कशाला, असं वाटेल. पण त्यात विज्ञानाचे तीन-चार छान प्रयोग दडलेले आहेत, तेही पाटी, रबरबँड आणि ग्लिसरीनवर होणारे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपली मुलं रोज ज्या व्हॅनमधून, रिक्षातून शाळेत येतात त्यांचे टायर आपण फक्त लांबून बघतो, आणि लांबून बघणाऱ्याला चमक तेवढी दिसते.

रबर म्हातारं कसं होतं?

रबराचे रेणू म्हणजे ताटात वाढलेल्या शेवया समजा. लांबच लांब, एकमेकींत गुंतलेल्या. कच्च्या रबरात या शेवया एकमेकींवरून घसरतात, म्हणून ते उन्हाळ्यात चिकट होतं आणि कडक थंडीत ठिसूळ. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी रबरात गंधक मिसळून ते तापवलं, तेव्हा शेवयांना मधेमधे गंधकाच्या गाठी बसल्या. आता रबर ताणलं तरी परत जागेवर यायला लागलं. यालाच आपण व्हल्कनायझेशन म्हणतो. मुलांना हा शब्द पाठ असतो. 'गाठी मारलेल्या शेवया' सांगितलं की तो कळतोसुद्धा.

पण या शेवयांमध्ये काही नाजूक जोड तसेच शिल्लक राहतात. हवेतला ओझोन नेमका तिथे कात्री चालवतो. ओझोन म्हटलं की आपल्याला आकाशातलं संरक्षक कवच आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण वाहनांच्या धुरावर ऊन पडून जमिनीजवळही थोडा ओझोन तयार होतो. तो प्रमाणाने अगदी कमी असतो, तरी रबराला तेवढा पुरतो. वर कवच म्हणून चांगला असलेला वायू खाली त्रासदायक ठरतो, हे मुलांना सांगून बघा, फार आवडतं.

यात एक गंमत आहे. सैल पडलेल्या रबरावर ओझोनच्या भेगा सहसा पडत नाहीत. रबर ताणलेलं असेल तर पडतात, आणि त्या ताणाच्या आडव्या दिशेने पडतात. टायर तर कायम ताणलेलाच असतो. आत हवेचा दाब, वरून गाडीचं वजन. म्हणून जुन्या टायरच्या बाजूवर, रिमजवळ आणि नक्षीच्या खाचांत बारीक बारीक भेगा दिसतात. ऊन, उष्णता आणि प्राणवायू यांचंही काम सोबत चालूच असतं. त्यांनी रबर हळूहळू कडक होत जातं. आपल्याकडे विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात डांबरी रस्त्यावर दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरवर काय बेतत असेल याची कल्पना करा.

टायरचं स्वतःचं 'पॉलिश'

आता महत्त्वाची गोष्ट. टायरचं संरक्षण कारखान्यातच टायरच्या आत घातलेलं असतं.

टायर काळा का असतो, असा प्रश्न एकदा वर्गात विचारा. 'रस्ता काळा म्हणून', 'मळतो म्हणून', अशी उत्तरं येतील. रबराचा मूळ रंग काळा नाहीच. सुरुवातीचे टायर फिकट, पांढुरके असत. मिशलिन कंपनीचा तो टायरांची चळत अंगावर चढवलेला गुबगुबीत माणूस आठवतो ना? तो १८९८ सालचा. तो पांढरा आहे, कारण त्या काळी टायर काळे नव्हतेच! पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची बारीक काजळी, मिसळायला लागले. त्याने टायरची झीज खूप कमी झाली. शिवाय काजळी उन्हातले अतिनील किरण स्वतः शोषून घेते, रबराच्या आत फारसे जाऊ देत नाही. म्हणजे उन्हाविरुद्धची छत्री टायरने आधीच उघडलेली आहे.

ओझोनसाठी आणखी दोन गोष्टी घातलेल्या असतात, एक मेण आणि दुसरी ओझोनरोधक रसायनं. ती आतून हळूहळू पृष्ठभागावर झिरपत राहतात. चाक फिरताना टायर वाकतो, गरम होतो, त्यामुळे हे झिरपणं चालू राहतं. गाडी महिनोन्महिने एकाच जागी उभी असेल तर ते मंदावतं. 'गाडी वापरलीच नाही, मग टायर कसे फुटले?' या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

टायरच्या बाजूवर कधीकधी तपकिरी थर दिसतो. आपण त्याला मळ समजून तारेच्या घासणीने घासतो. त्यातला बराचसा भाग मात्र पृष्ठभागावर आलेलं ते ओझोनरोधक रसायन असतं, हवेशी संयोग होऊन तपकिरी झालेलं. म्हणजे टायर आपलं काम करतोय त्याची ती खूण. साबणाच्या पाण्याने, नरम ब्रशने धुतलात तर काही बिघडत नाही, आतून आणखी येतं. थिनरने किंवा पेट्रोलने खरवडून काढू नका, एवढंच.

जाता जाता एक. या रसायनांपैकी सर्वांत जास्त वापरलं जाणारं आहे सिक्स-पीपीडी. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पाऊस पडला की ओढ्यांतले कोहो साल्मन मासे मरत. का मरतात ते बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२० च्या अखेरीस शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, की टायरच्या झिजेतून आलेल्या सिक्स-पीपीडीचा ओझोनशी संयोग होऊन जे द्रव्य बनतं, ते त्या माशांना मारक आहे. टायरला वाचवणारं रसायन ओढ्यात जाऊन माशाला मारतं. वरच्या वर्गात पर्यावरणाच्या तासाला यावर अर्धा तास चर्चा सहज होईल.

ओली पाटी, कोरडी पाटी

मग पॉलिश नेमकं करतं काय? हे समजायला पाटीइतकं चांगलं साधन नाही.

मुलांची पाटी घ्या. खूप वापरलेली, खडूने, पेन्सिलीने पांढुरकी झालेली. ओल्या फडक्याने पुसा. क्षणात काळीभोर! आता दोन मिनिटं थांबा. वाळली की पुन्हा राखाडी. ओलेपणी ती स्वच्छ झाली आणि वाळल्यावर मळली, असं तर नाही ना झालं?

झालं असं, की पाटीच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे आणि भुकटी असते. त्या खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश वाटेल तसा विखुरतो आणि आपल्या डोळ्याला पांढुरकेपणा दिसतो. पाणी त्या खाचा भरून टाकतं, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, विखुरणं कमी होतं आणि खालचा मूळ काळा रंग दिसतो. पाण्याने पाटीला रंग दिला नाही आणि तिची दुरुस्तीही केली नाही.

टायर पॉलिश हेच करतं. फरक इतकाच, की ते पाण्यासारखं लगेच उडून जात नाही. जुन्या टायरच्या खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर ते पसरतं, बारीक खाचा भरतं आणि टायर काळा दिसतो. भेगा बारीक असतील तर त्याही दिसेनाशा होतात. चमकीचं सगळं रहस्य एवढंच आहे, आणि काळजीचं कारणही तेच.

हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्या. पाटीच्या एका भागावर पाणी, दुसऱ्यावर ग्लिसरीनचा थेंब, तिसरा कोरडा. कोणता भाग किती वेळ काळा राहतो याची नोंद तिसरी-चौथीची मुलंसुद्धा उत्तम ठेवतात.

बाटलीत असतं काय?

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. एक पाण्यात मिसळलेला, दुधासारखा पांढरा द्रव. त्यात सिलिकॉन तेलाचे बारीक थेंब असतात. पाणी उडून जातं, सिलिकॉनचा पातळ थर उरतो. चमक बेताची आणि जोरदार पावसात लवकर उतरणारी. दुसरा प्रकार पेट्रोलियम द्रावकात केलेला. हा चिकट, फार चमकदार आणि पावसातही टिकणारा. याला थिनरसारखा वास येतो आणि बाटलीवर ज्वलनशील असल्याची सूचना असते. ओळखायची खूण हीच.

सिलिकॉनबद्दल बरेच गैरसमज आहेत. सिलिकॉन रबराला खात नाही. पण ते ओझोनलाही फारसं अडवत नाही, कारण सिलिकॉनमधून वायू सहज आरपार जातात. डोळ्याला हवा मिळावी म्हणून काही कॉन्टॅक्ट लेन्समध्ये सिलिकॉन वापरतात ते याच गुणामुळे. शिवाय चाक फिरलं, टायर वाकला, धूळ घासली की हा थर जागोजागी तुटतो. काही चांगल्या पॉलिशमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं असतात, त्यांचा थोडा उपयोग होतो. पण ते काम टायरमधली काजळी आधीच करतेय. म्हणून माझं मत असं, की टायरपुरतं पॉलिश हे साठ टक्के हौस आणि चाळीस टक्के स्वच्छता आहे. हौस करायला हरकत काहीच नाही!

हरकत आहे ती पेट्रोलियम द्रावकाला. आणि त्याहून जास्त आपल्याकडच्या जुन्या सवयीला. कित्येक ठिकाणी अजूनही गाडीच्या खालून डिझेलचा फवारा मारतात, तोच हात टायरवर फिरवतात. कुणी रॉकेल लावतं, कुणी गॅरेजमधलं जळकं ऑइल. टायर काळा दिसतो हे खरं, पण आत काय होतं ते रबरबँडवर बघा.

सारख्या आकाराचे पाच रबरबँड घ्या. पहिला दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवा. हे काम शिक्षकांनीच करायचं, मोकळ्या हवेत, आगीपासून लांब, झाकणाच्या काचेच्या बाटलीत. मुलांनी फक्त बघायचं. बाहेर काढून पट्टीने मोजलात तर रबरबँड फुगून लांब-रुंद झालेला दिसेल, आणि ओढला तर पटकन तुटेल. तेल त्या शेवयांच्या मधे घुसलं आणि त्यांना एकमेकींपासून लांब सारलं. दुसऱ्याला खोबरेल तेल चोळून ठेवा. तो सावकाश मऊ, चिकट होतो. (घरगुती उपाय म्हणून टायरला खोबरेल लावणाऱ्यांसाठी!) तिसऱ्याला ग्लिसरीन लावा. त्याला काही होत नाही. चौथा एखाद्या डब्यावर ताणून खिडकीत उन्हात ठेवा आणि पाचवा तसाच सैल, कपाटात अंधारात. काही आठवड्यांनी चौथ्यावर भेगा दिसतील, पाचवा जवळजवळ तसाच असेल. उन्हाळ्याच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत सुरू केलंत तर वार्षिक परीक्षेपर्यंत निकाल हातात येतो.

एक सूचना. या प्रयोगाला खोडरबर घेऊ नका. हल्लीची बरीच खोडरबरं नावालाच रबर असतात, ती प्लास्टिकची असतात. प्रयोग फसतो आणि मुलं 'सर, काहीच झालं नाही' म्हणतात.

टायर काही एका दिवसाच्या डिझेलने रबरबँडसारखा फुगणार नाही. तो जाड असतो, त्यात धागे आणि पोलादी तारा असतात. पण दर आठवड्याला वर्षानुवर्षं लावलं, तर वरचं रबर मऊ पडतं आणि ज्या मेणाने, रसायनांनी टायर स्वतःला सांभाळतोय तीही धुऊन निघतात. म्हणजे चमकवण्याच्या नादात आपण त्याचं वय वाढवतो.

प्लास्टिकला मात्र फायदा होतो

बंपरचा न रंगवलेला काळा भाग, दरवाजाखालच्या पट्ट्या, आरशांची कवचं, पुढच्या काचेखालची जाळी, हे बहुतेक पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक असतं. अंगणातली प्लास्टिकची खुर्चीही त्याचीच. ती खुर्ची चार-पाच उन्हाळे बाहेर राहिली की काय होतं? रंग उडतो, हात फिरवला तर बोटाला पीठ लागतं आणि एक दिवस पाहुण्यांसकट कोलमडते. अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या साखळ्या तुटतात, पृष्ठभागावर सूक्ष्म भेगा पडतात आणि पाटीसारखा पांढुरकेपणा येतो.

इथे पाण्यातलं, अतिनील किरण शोषणारं द्रव्य असलेलं पॉलिश उपयोगी पडतं, पण गाडी नवी असल्यापासून लावलं तर. महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे. प्लास्टिक एकदा पांढरं पडलं की पॉलिशने ते काळं दिसतं, बरं होत नाही. पाटी वाळणारच. सगळ्यांत चांगलं आणि फुकटचं पॉलिश म्हणजे झाडाची सावली किंवा गाडीवर घातलेलं कापड. सावलीची जागा बघून गाडी लावणारा माणूस बाटलीवाल्यापेक्षा जास्त वर्षं बंपर काळा ठेवतो.

दरवाजाच्या कडेच्या रबरी पट्ट्यांना, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून असतात त्यांना, सिलिकॉनचा हलका हात चालतो. दरवाजा चिकटत नाही, चरचरत नाही. ग्रीस किंवा व्हॅसलीन मात्र नको. त्या पट्ट्यांचं रबर ओझोनला दाद देत नाही, पण खनिज तेलाने फुगतं.

लावायचंच असेल तर

टायर आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. ओल्या किंवा तापलेल्या टायरवर लावू नका. पॉलिश थेट टायरवर फवारू नका, ते ब्रेकच्या चकतीवर उडतं आणि ब्रेकवर तेलकटपणा कुणालाच परवडणारा नाही. स्पंजवर थोडं घेऊन फक्त बाजूच्या भिंतीवर फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून घ्या. हे पुसणंच लोक विसरतात. मग गाडी चालायला लागली की थेंब उडून दरवाज्यावर ठिपके पडतात, आणि उरलेल्या चिकटपणावर धूळ बसून दोन दिवसांत टायर आधीपेक्षा घाण दिसतो. स्वस्तात हौस भागवायची तर ग्लिसरीनमध्ये तेवढंच पाणी घालून लावा. पहिल्या पावसात धुऊन जाईल, पण नुकसान नाही.

नक्षीवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, कुठलंही पॉलिश कधीही नाही. मोटारसायकल आणि स्कूटरच्या टायरला तर अजिबातच नाही. दुचाकी वळणावर कलते तेव्हा टायरची कड रस्त्याला टेकते, आणि तिथे पॉलिश असेल तर घसरायला दुसरं काही लागत नाही. वाढदिवसाला मिळालेली सायकल चमकवायच्या नादात असलेल्या मुलांनाही हे सांगा. पेडल, ब्रेकचे पायटे, हँडलच्या मुठी, स्टीअरिंग यांनाही पॉलिश नको. डॅशबोर्डवर चकचकीत पॉलिश मारलं की उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता नीट दिसत नाही. वायपरच्या रबराला सिलिकॉन लागलं तर पहिल्या पावसात काचेवर धुरकट पट्टे उठतात.

व्हॅनवाल्या काकांच्या टायरचं वय

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग.

टायर तपासायचा म्हणजे नक्षी बघायची, एवढं बहुतेकांना माहीत असतं. नक्षीच्या खाचेत मधेमधे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलीमीटर उंचीचे. कारच्या टायरची नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. ते कुठे आहेत हे दाखवायला टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. 'गोटा झालेला' टायर लांबूनही ओळखू येतो.

पण शाळेची व्हॅन दिवसातून दोन-तीन फेऱ्या करते, तीही चार-पाच किलोमीटरच्या. रविवार सुट्टी, दिवाळी सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी. नक्षी झिजतच नाही! म्हणजे सहा-सात वर्षांनंतरही खाचा खोल दिसतात, आणि रबर आतून कडक होत आलेलं असतं. त्यात सुट्टीभर व्हॅन उन्हात एका जागी उभी. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कितीतरी व्हॅन आणि बस अशाच महिनोन्महिने उभ्या होत्या. त्यांच्या टायरवर किलोमीटर चढले नाहीत, वय चढलं. अशा टायरवर पॉलिश मारलं की खोल नक्षी आणि काळीभोर बाजू, दोन्ही 'ठीक आहे' म्हणतात. कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर नीट पकड धरत नाही आणि तापला, भार वाढला की फुटायची भीती असते. व्हॅनमध्ये मुलं किती बसतात ते मी वेगळं सांगत नाही.

वय कसं कळणार? टायरच्या बाजूवर डीओटी या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा एक लांब क्रमांक असतो. त्याच्या शेवटी चार आकडे असतात, बहुधा लंबगोल चौकटीत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३४१८ असेल तर २०१८ सालचा चौतिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. काही टायरांवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात. बाहेर दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघावं लागतं, मोबाइलचा टॉर्च लावून. रिमोल्ड केलेला टायर असेल तर नक्षी नवी आणि अंग जुनं असतं, हे लक्षात ठेवा.

किती वर्षांचा टायर जुना म्हणायचा? मिशलिन कंपनी सांगते, की पाच वर्षं वापर झाल्यावर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनी, तो कितीही चांगला दिसला तरी, बदला. आपल्याकडचं ऊन आणि रस्ते पाहता मुलं बसतात त्या गाडीला मी सहाव्या वर्षानंतर तरी ढील देणार नाही. आणि सहा वर्षांच्या आत असला तरी भेगा बघायच्याच. भेगा बघायच्या त्या पॉलिशच्या आधी, टायर साबणाने धुऊन कोरडा झाल्यावर. ओल्या पाटीवर ओरखडे दिसत नाहीत, तसंच आहे हे. पृष्ठभागावरच्या केसासारख्या रेषा वयानुसार येतात. भेग नख अडकण्याइतकी खोल असेल, आतला धागा दिसत असेल किंवा टायरला कुठे फुगा आला असेल, तर ती गाडी त्या दिवशी मुलांना न्यायला वापरायची नाही.

हे व्हॅनवाल्या काकांना सांगायचं कसं, हा खरा अवघड भाग. चार टायर एकदम बदलायचे म्हणजे त्यांच्या महिन्याच्या कमाईला मोठा खड्डा पडतो, आणि आपण फीचे पैसे दोन-दोन महिने थकवतो. म्हणून एकट्याने जाऊन दरडावण्यापेक्षा त्या व्हॅनच्या पालकांनी मिळून बोलावं. "काका, टायर कोणत्या सालचे आहेत, जरा बघू या का?" इतक्या साध्या शब्दांत. गरज पडली तर दोन टायर या सत्रात, दोन पुढच्या सत्रात, आणि खर्चाचा थोडा भार पालकांनी उचलावा. मुलाच्या वाढदिवसाच्या केकपेक्षा तो जास्त नसतो.

शिक्षकांसाठी जागा अधिकृतही आहे. महाराष्ट्रात स्कूल बससाठीचे नियम २०११ पासून आहेत आणि त्यांनुसार शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. तिच्या बैठकीत आग विझवायचं यंत्र, प्रथमोपचार पेटी यांची चर्चा होते. त्याच यादीत प्रत्येक वाहनाच्या टायरचे चार आकडे लिहून घ्यायला एक रकाना जास्त आखला की झालं.

हे आकडे वाचायचं काम मुलांनाही द्या, आपापल्या घरच्या गाड्यांवर. गाडी बंद, चावी मोठ्यांच्या हातात, आणि मूल वहीत आकडे उतरवतंय. चौथी-पाचवीला हे गणित छान जमतं. २३१९ म्हणजे कोणता महिना? वर्षाचे आठवडे ५२, तेवीस आठवडे म्हणजे पाच महिने पूर्ण होऊन थोडे दिवस, म्हणजे जून. आज टायर किती वर्षं, किती महिन्यांचा? घरातला सर्वांत जुना टायर कोणता? उत्तरं ऐकून पालकच चकित होतात.

या सगळ्यात स्टेपनी विसरू नका. तिला कुणी पॉलिश करत नाही, दसऱ्याला माळही घालत नाही, आणि ती बहुतेक वेळा गाडीइतकीच जुनी असते. डिकीतली चटई उचलून तिचेही चार आकडे वाचा, आणि वाचून झालं की हवा तपासा.